वाचकांचे प्रश्न : हातात माईक घेऊन फिरणारा निवेदक

प्रश्न : दुपारची भांडी पालथी घातली की आमच्या घरी मराठी किंवा कन्नड वाहिनीवर गप्पांचा कार्यक्रम लागतो. त्यातला निवेदक खुर्ची सोडून प्रेक्षकांत का फिरतो? ही पद्धत कोणाची?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ही पद्धत रुजवली टीव्ही निवेदक फिल डोनाह्यू यांनी. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरात 1967 मध्ये त्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मध्यंतरात समोर बसलेल्या बायका पाहुण्यांना जे प्रश्न विचारत, ते आपल्या प्रश्नांपेक्षा सरस आहेत हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते माईक घेऊन थेट त्यांच्यात शिरले. निवेदिका ऑप्रा विन्फ्री यांनी 1986 ते 2011 या काळात शिकागोहून हाच प्रकार जगभर पोहोचवला. मात्र त्यांनी स्वतःची दुःखेही मोकळेपणाने सांगितली.

आमच्या शहापुरातल्या हळदीकुंकवात माईक पुढे केला की एखादी काकू आधी पदर सावरते, 'मला काय येतंय?' म्हणते आणि मग पाच मिनिटे थांबत नाही. चांगला निवेदक त्या पदर सावरण्याइतका वेळ गप्प राहतो. आपल्याकडचे बरेच जण (हे माझे मत) तेवढ्यातच स्वतः बोलू लागतात.