सुट्टीनंतर लो-कार्बवर परतताना मीठ तोडू नका

सुट्टीचे दहा दिवस ब्रेड, भात, गोड पदार्थ आणि बिअर यांवर कसलाच धरबंध नव्हता, परतल्यावर काट्याने साडेतीन किलो जास्त दाखवले, म्हणून आपण त्याच दिवशी लो-कार्बवर, म्हणजे कमी कर्बोदकांच्या आहारावर, परतून कर्बोदके रोज वीस ग्रॅमवर आणली, एक वेळचे जेवण सोडले, संध्याकाळी पळायला सुरुवात केली आणि ‘सूज उतरावी’ म्हणून मीठही जवळजवळ बंद केले, असे आपण लिहिले आहे. आता उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. यावर आपल्या आहार सल्लागाराने ‘शरीर विषद्रव्ये बाहेर टाकते आहे, मीठ आणखी कमी करा’ असे सांगितले, हे वाचून मात्र गप्प बसवेना, कारण जवळजवळ याच शब्दांत हा सल्ला मलाही मिळाला होता आणि तो पाळल्यामुळे मला जो त्रास झाला तो सुट्टीतल्या खाण्याने मुळीच झाला नव्हता.

काय खावे आणि काय टाळावे हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही. पुढे लिहिले आहे ते अनुभवातून आणि नंतर केलेल्या वाचनातून आलेले आहे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी यातले मिठाविषयीचे काहीही स्वतःच्या मनाने करू नये.

पहिल्यांदा त्या साडेतीन किलोंचा हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. साडेतीन किलो निव्वळ चरबी साठायची असेल तर गरजेपेक्षा सुमारे 27,000 कॅलरी, म्हणजे दहा दिवस रोज 2,700 कॅलरी वरकड खायला हव्यात, आणि इतके सलग खाणे फार थोड्यांना जमते. उलट, यकृत आणि स्नायू मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (कर्बोदकांचा शरीरातला साठा) साठवू शकतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी राहते. लो-कार्ब आहारात हा साठा बराच रिकामा झालेला असतो, सुट्टीत तो भरतो, आणि त्यातच दीड-दोन किलोंचा उलगडा होतो. बाहेरच्या खारट खाण्याने धरून ठेवलेले पाणी आणि आतड्यांतले अन्न जमेस धरले, तर खरी चरबी एखाद्या किलोच्या आसपास उरते. ते वजन काही दिवसांत उतरवण्याचा हट्ट धरण्यासारखे त्यात काहीच नाही.

आता मिठाकडे येते, कारण आपली अडचण तिथे आहे असे मला वाटते. रक्तात इन्सुलिन भरपूर असते तेव्हा मूत्रपिंडे सोडियम, म्हणजे मिठातला एक घटक, धरून ठेवतात. कर्बोदके एकदम तोडली की इन्सुलिन खाली येते, मूत्रपिंडे सोडियम सोडू लागतात आणि त्याच्यामागोमाग पाणीही जाते. पहिल्या काही दिवसांत वारंवार लघवीला जावे लागते ते यामुळेच. अशा वेळी ताटातले मीठही काढून घेतले, म्हणजे शरीरातून सोडियम जाणे वाढलेले असताना ते येणेही बंद केले, तर रक्ताचे आकारमान घटते, उभे राहिल्यावर रक्तदाब टिकत नाही, डोके दुखते, छाती धडधडते आणि माणूस गळून जातो. पुष्कळजण याला ‘केटो फ्लू’ म्हणतात आणि दात-ओठ खाऊन सहन करतात, पण त्यातला मोठा भाग निव्वळ मीठ आणि पाणी कमी पडल्याचा असतो.

मी ज्या वजन नियंत्रण केंद्रात जात होते, तिथे ही साधी गोष्ट कोणालाही ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक करून घ्यायची इच्छा नव्हती. दर भेटीला काट्यावर उभे करायचे, आकडा फाइलमधल्या आलेखावर टिपायचा आणि रेघ खाली गेली की ‘छान उतरते आहे’ म्हणायचे, एवढीच तिथली तपासणी. उतरत होते ते पाणी होते. मी चक्कर येते म्हटले की तिथल्या बाई छापील पत्रकावरचे ‘पहिल्या टप्प्यात अशक्तपणा स्वाभाविक आहे’ हे वाक्य वाचून दाखवत आणि मीठ आणखी कमी करायला सांगत. तिथे रक्तदाबाचे यंत्र होते. ते माझ्यासाठी एकदाही कपाटाबाहेर आले नाही. त्यावर कडी म्हणजे एका वेळच्या जेवणाऐवजी पाण्यात कालवून घ्यायची जी पावडर त्यांनी मला विकली, तिच्या पाकिटावर दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत ‘साखरविरहित’ होते आणि मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतल्या यादीत दुसरेच नाव माल्टोडेक्स्ट्रिनचे होते, जे स्टार्चपासून बनते आणि रक्तातली साखर ग्लुकोजसारखीच झपाट्याने चढवते. म्हणजे मीठ बंद, जेवण बंद आणि कर्बोदके मात्र चालू. शेवटी एका साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला आडवे करून रक्तदाब मोजला, उभे करून पुन्हा मोजला, वरचा आकडा वीसपेक्षा जास्त घसरलेला पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो ‘मीठ किती खाता?’ हा. या तपासणीला पाच मिनिटेही लागली नसतील.

तेव्हा आपण आधी हीच तपासणी करून घ्यावी असे मी सुचवेन. अन्य कोणताही विकार नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जेवणात नेहमीइतके मीठ परत आणावे आणि पहिल्या आठवड्यात दिवसातून एक-दोन वेळा मीठ घातलेले पातळ सूप घ्यावे. चहाच्या एका सपाट चमचाभर मिठात साधारण 2,300 मिलिग्रॅम सोडियम असते, हे लक्षात ठेवले की अंदाज चुकत नाही. नुसते पाणी मात्र लोटेच्या लोटे पिऊ नये, त्याने उरलेले सोडियम आणखी पातळ होते. जाता जाता सांगते, बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील किंवा मूत्रपिंडे कमजोर असतील, तर ते धोक्याचे ठरू शकते.

दुसरे माझे मत असे, आणि ते सर्वांना पटणार नाही, की सुट्टीहून आल्याआल्या थेट वीस ग्रॅमवर उडी मारण्याची गरज नसते. पहिले तीन-चार दिवस शंभर ग्रॅमच्या आसपास, मग पन्नास, असे उतरले तरी कीटोन (कर्बोदके कमी पडली की शरीर चरबीपासून बनवते ते इंधन) तयार होण्यात काही दिवसांचाच फरक पडतो, आणि माणूस टिकून राहतो. उपास आणि पळणे दोन्ही या आठवड्यापुरते बाजूला ठेवावे. चालणे पुरेसे आहे. प्रायश्चित्त म्हणून केलेला आहार दुसऱ्या रविवारपर्यंत तग धरत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

मधुमेहाच्या गोळ्यांचा उल्लेख आपण ओझरता केला आहे, म्हणून हे जरा आग्रहाने लिहिते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) गोळी चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, त्यामुळे मात्रा आधी बदलून घ्यावी लागते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी गोळी असेल, तर रक्तातली साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचा गंभीर विकार, होऊ शकतो, आणि लो-कार्ब, उपास किंवा शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे तो धोका वाढतो. शिवाय ही गोळी स्वतःच लघवीवाटे पाणी आणि सोडियम घालवते. या गोळ्या घेत असाल, तर माझे किंवा आणखी कोणाचे ऐकून काहीही करण्याआधी, आजच डॉक्टरांना विचारावे. मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप यांपैकी काही असेल, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे.

पुढच्या आठवड्यातली रक्ततपासणी पुढे ढकलावी का, हा आपला शेवटचा प्रश्न. एचबीए1सी असेल तर खुशाल करावी. ती मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देते, दहा दिवसांनी तिच्यात फार उलथापालथ होत नाही. पण ग्लुकोज पिऊन करायची चाचणी असेल, तर आपण लो-कार्बवर आहात हे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण त्या चाचणीपूर्वी निदान तीन दिवस रोज दीडशे ग्रॅम कर्बोदके पोटात जाणे अपेक्षित असते. ती गेली नसतील तर निकोप माणसाचाही आकडा चढा येऊ शकतो, आणि नसत्या निदानाचा कागद हाती पडतो.