सीडीएसला (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, संरक्षणमंत्र्यांचा मुख्य लष्करी सल्लागार) तिन्ही दलांवर कमांडच नाही, मग नुसता सल्ला द्यायला एवढं मोठं पद कशाला?

प्रश्न वाचून आधी वाटलं सोडून द्यावं, पण तुम्ही त्यात 'नुसता सल्ला' लिहिलंय ना, तो 'नुसता' खटकला. हाच शब्द मी गेली वीस वर्षं घरातल्या माणसाकडून ऐकतोय.

मी तोफखान्यात टीए, म्हणजे टेक्निकल असिस्टंट होतो. आता राहतो देवळाली कॅम्पजवळ, रेंजवर फायरिंग सुरू झालं की खिडकीची तावदानं थरथरतात आणि माझी बोटं अजून मांडीवर हिशेब करायला लागतात. टीएचं काम एवढंच की ओपीवरून, म्हणजे पुढच्या टेहळणीच्या ठाण्यावरून, ग्रिड (टार्गेटचे नकाशावरचे आकडे) आला की बोर्डवर मांडायचा, बेअरिंग आणि एलिव्हेशन, म्हणजे तोफेची दिशा आणि नळीचा कोन काढायचा आणि जीपीओ, म्हणजे तोफांच्या जागेवरच्या अधिकारी साहेबांना द्यायचा. फायरचा हुकूम त्यांचा, तोफ नंबर वनची, म्हणजे त्या तोफेच्या टीमच्या प्रमुखाची, माझी पट्टी आणि पेन्सिल. आमचे साडू इन्फंट्रीतले, मराठा लाइट इन्फंट्री, दहा माणसांचं सेक्शन चालवलेला गडी. नाशिकरोडला असतात. लग्नकार्यात चार लोक जमले की मला 'पेन्सिल बहाद्दर' म्हणतात, म्हणे तू आयुष्यात एक तरी हुकूम दिलास का.

नाही दिला. पण १९९४ साली राजस्थानातल्या एका रेंजवर काय झालं ते सांगतो. बॅटऱ्यांची, म्हणजे तोफांच्या तुकड्यांची कॉम्पिटिशन होती, घड्याळ लावून. दुपारचं ऊन, वायरलेसवर नुसती खरखर, ग्रिड आला, मी मांडला, आणि टार्गेट बसलं ओपीच्या टेकडीच्या पायथ्याशी, जिथे आपलीच चार माणसं बसलेली. मी म्हटलं साहेब, ग्रिड परत विचारा. साहेब नवे होते, म्हणाले रीडबॅक झालाय, आकडे परत वाचून दाखवलेत, वेळ घालवू नको, डेटा दे. मी डेटा दिला नाही, परत तेच म्हटलं, साहेब एकदा विचारा, मग हवं ते करा. तंबूत सगळे गप्प. शेवटी त्यांनी रागारागाने हँडसेट उचलला आणि विचारलं. ओपीने दिला होता ६३५, आमच्याकडे लिहिला गेला होता ६५३. दोन आकड्यांची अदलाबदल, जमिनीवर १८०० मीटर.

गोळे बरोबर जागी पडले, पण त्या विचारण्यात वेळ गेला आणि आमची बॅटरी मागे पडली. नंबर वन लोक माझ्याशी आठवडाभर नीट बोलले नाहीत, साहेबांनी तर तो विषयच परत काढला नाही. कारण झालं काहीच नव्हतं ना! सल्ला बरोबर निघाला की काहीच होत नाही, आणि जे झालंच नाही त्याचं श्रेय कोण कुणाला देणार.

आता सीडीएस. २४ डिसेंबर २०१९ ला कॅबिनेटने पद मंजूर केलं तेव्हाच स्पष्ट लिहिलंय की सीडीएस तिन्ही दलप्रमुखांवरसुद्धा कमांड चालवणार नाही, म्हणजे राजकीय नेतृत्वाला निःपक्ष सल्ला देता येईल. लोक याला पदाची कमजोरी म्हणतात, मी म्हणतो हाच त्या पदाचा कणा आहे. आर्मी चीफ रणगाडे मागणार, नेव्हीवाला जहाजं, एअर चीफ विमानं, त्यात त्यांची चूक नाही, आपापल्या माणसांसाठी भांडणं हे त्यांचं कामच आहे. पण पैसा एकच. संरक्षणमंत्र्यांसमोर असा कोणीतरी बसायलाच हवा ज्याच्या नावावर ना रेजिमेंट, ना स्क्वाड्रन, ना जहाज, आणि तरी जो चार स्टारचा आहे. अणुअस्त्रांच्या बाबतीतही न्यूक्लिअर कमांड ऑथॉरिटीचा लष्करी सल्लागार तोच. अमेरिकेतसुद्धा जॉइंट चीफ्सच्या चेअरमनला सैन्यावर कमांड नाही, १९८६ च्या कायद्याने तो राष्ट्राध्यक्षांचा मुख्य लष्करी सल्लागार आहे, पण तिथे कोणी त्याला पेन्सिल बहाद्दर म्हणत नाही.

सल्ला वेळेवर पोचला की काय होतं ते नाशिककरांनी तरी विसरू नये. यशवंतराव चव्हाण १९६३ ला आपल्याच नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, तेव्हा ते संरक्षणमंत्री होते. १ सप्टेंबर १९६५ ला जम्मू भागातल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग दोघं त्यांच्यापुढे आले, यशवंतरावांनी फार वेळ न लावता होकार दिला आणि त्याच संध्याकाळी विमानं उडाली. आणि १९९९ ला कारगिलमध्ये? आर्मी हेलिकॉप्टर मागत होती, एअरफोर्स म्हणत होतं आधी सरकारची परवानगी आणा, हवाई हल्ले सुरू झाले २६ मेला. खाली डोंगरात पोरं चढत होती तोवर. त्यानंतर २००१ च्या मंत्रिगटाने सीडीएसची शिफारस केली आणि पहिले सीडीएस जनरल रावत खुर्चीवर बसले १ जानेवारी २०२० ला! एवढी वर्षं का लागली याचा मला अजूनही राग येतो.

हां, एक गोष्ट राहिली, सीडीएस अगदीच बिनअधिकाराचा नाही. मंत्रालयातल्या लष्करी व्यवहार विभागाचा सचिवही तोच असतो, म्हणजे फाइल त्याच्या टेबलावरून जाते. सल्लागारही तोच आणि सचिवही तोच, हे मला स्वतःला फारसं पटत नाही, फायलींच्या ढिगाऱ्यात सल्ला मागे पडू शकतो. आणि रावत साहेब डिसेंबर २०२१ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेल्यावर जनरल चौहान येईपर्यंत जवळपास दहा महिने पद रिकामं होतं, तेव्हा देश चाललाच ना, असं तुम्ही म्हणाल. चालला. टीए नसला तरी तोफ उडतेच, गोळा कुठे पडतो तो प्रश्न आहे.

तुमच्या घरात कोणी सैन्यात क्लार्क, सिग्नलवाला, टीए असेल तर त्याला किती गोळ्या झाडल्या हे विचारू नका, कधी कुणाला थांबवलं का ते विचारा. साडूंनाही मी हे उत्तर पाठवणार आहे. भाऊ, तुम्ही दहा माणसं चालवलीत, मला मान्य आहे, कायम मान्य होतं. पण त्या टेकडीवर चार होती, आणि त्यातला एक नंतर माझ्या मुलीच्या लग्नाला आला होता. तुम्हीच त्याला जेवायला वाढलं होतंत, तो कोण हे मी तेव्हा सांगितलं नव्हतं.