आईच्या नावापुढे आईचाच ईमेल हवा

“ताई, मी १८ वर्षांची आहे. मामांनी स्पॉन्सर केल्यामुळे आठ वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून एडिसनला आलो. बाबा वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करतात, आई ओक ट्री रोडवरच्या इंडियन ग्रोसरीत काउंटरवर असते. मला इथल्या रटगर्स विद्यापीठात ॲडमिशन मिळालीय, हॉस्टेलला राहणार आहे. नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून देणाऱ्या ओरिएंटेशनला पालकांचाही कार्यक्रम असतो आणि दोघांनी सुट्टी टाकलीय. पण त्यांना इंग्रजी फारसं येत नाही. मला दिवसभर शेजारी बसून भाषांतर करावं लागेल. बाबा सगळ्यांसमोर फीचं विचारतील, आई डबा काढेल. बाकीच्यांचे आईवडील इथंच शिकलेले. विद्यापीठाच्या पोर्टलवर पालकांच्या ईमेलच्या जागी मी माझाच दुसरा पत्ता टाकलाय, त्यामुळे ती अडचण नाही. पण ‘येऊ नका’ हे त्यांना कसं सांगू?”
– अस्वस्थ, एडिसन (न्यू जर्सी)

अगं, डबा आणि बाबांचे प्रश्न यांची तुला एवढी धास्ती, आणि ईमेलचं मात्र एका ओळीत उरकलंस. मला त्याच ओळीवर बोलायचंय.

विद्यापीठ तुझ्या आईबाबांना जे काही कळवेल ते आता तुला येणार. बिलाची तारीख तू वाचणार, तूच घरी सांगणार, परीक्षेच्या गडबडीत विसरलीस तर दंडाचा ठपकाही तुझ्यावरच. दहा वर्षांच्या मुलीला बँकेत आणि दवाखान्यात मध्ये बसवून बोलायला लावलं असेल, तर ते तुझ्या आईबाबांचं चुकलंच. नवा देश होता हे मान्य, तरी चुकलं. पण या खेपेला त्यांनी तुझ्यावर काही टाकलेलं नाही. त्यांना न विचारता तूच त्यांची जागा घेतलीस. हॉस्टेलला गेल्यावरही त्यांचा कारभार तूच बघणार आहेस का?

आईला इंग्रजी येत नाही म्हणतेस. ओक ट्री रोडवर गुजराती, तेलुगू, पंजाबी अशी सगळी गिऱ्हाइकं येतात. कार्ड चाललं नाही म्हणून चिडलेल्या बाईला, माल उतरवायला आलेल्या ड्रायव्हरला ती काय मराठीत उत्तरं देते? तिचं इंग्रजी मोडकंतोडकं असेल, पण बिल कधी भरायचं हे कळायला तेवढं पुरतं.

आणि शेजारी बसायची वेळच बहुधा येणार नाही. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत सुरुवातीच्या स्वागतानंतर मुलांना वेगळं नेतात, सल्लागाराबरोबर बसून विषय ठरवायला आणि रजिस्ट्रेशनला. पालकांचं सत्र दुसरीकडे चालतं. तिथे फी कशी भरायची, हॉस्टेल, जेवणाचा प्लॅन, सुरक्षा, आरोग्य विमा हे सगळं सांगतात. विम्याचं मुद्दाम सांगते. बऱ्याच ठिकाणी कुटुंबाचा आरोग्य विमा दाखवून विद्यापीठाचा विमा मुदतीच्या आत नाकारावा लागतो. ते राहिलं तर त्याची रक्कम बिलात तशीच राहते, आणि ती थोडीथोडकी नसते. तुमच्या घरात विम्याचं कार्ड कुणाच्या पर्समध्ये असतं? विद्यापीठाने मागितला तर सांगलीत तुला दिलेल्या लशींचा कागद कुठल्या फायलीत आहे हे कुणाला ठाऊक असतं?

आणखी एक गोष्ट त्यांनी तिथेच ऐकायला हवी. १९७४च्या ‘फेर्पा’ कायद्यानुसार मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो. फी कुणीही भरो, बाबांनी तुझे मार्क विचारायला फोन केला तर ऑफिस सहसा तुझी लेखी परवानगी मागणार. आपल्याकडे वडील सरळ कॉलेजात जाऊन सरांना भेटून येतात, त्यामुळे त्यांना हे खटकेल. तू घरी सांगितलंस तर पोरगी काहीतरी लपवतेय असं वाटेल. शेकडो पालकांसमोर विद्यापीठाच्या माणसाने सांगितलं तर तो नियम म्हणून पटेल.

तेव्हा ‘येऊ नका’ कसं सांगायचं ते मी तुला शिकवणार नाही. आज रात्री पोर्टल उघड, तुझा पत्ता काढ आणि आईचा टाक. तिच्या फोनवर जीमेल नसेल तर उघडून दे. पहिली मेल आली की ती फोन घेऊन तुझ्याकडेच येईल. वाचून दाखवायचं नाही. फोनमध्ये भाषांतर कसं करायचं ते एकदा दाखव आणि तिथून ऊठ. एखादी तारीख तिच्याकडून चुकेल, थोडे पैसेही जातील. तुझ्याकडूनही ते गेलेच असते. तरी तो पत्ता पुन्हा स्वतःचा करू नकोस.

डबा नेऊ दे. रात्रपाळीच्या माणसाच्या जेवणाच्या वेळा वेगळ्या असतात, आई त्याचाच विचार करत असणार.

आणि बाबांना फीचं विचारू दे, सगळ्यांसमोर विचारू दे. पुढची चार वर्षं ते पैसे त्यांच्या रात्रपाळीतून यायचेत.