पेटी उघडायच्या आधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पुण्याची नोकरी सोडून भुदरगडात आजोबांच्या शेतावर राहायचं आणि कर्ज काढून एकदम पन्नास मधपेट्या घ्यायच्या, असा तुझा बेत वाचला. राहायला खुशाल ये. कर्ज मात्र काढू नकोस. दोन पेट्या घे, त्याही दिवाळीनंतर.

हप्त्याची तारीख जवळ आली की माणूस मध भरला का ते बघायला झाकण काढतो. चार दिवसांनी परत काढतो. आपली सातेरी, म्हणजे इथली मूळची मधमाशी, ही ढवळाढवळ खपवून घेत नाही. मेलिफेरा, ती बाहेरून आणलेली मोठी माशी, बरंच सोसते. सातेरीला सारखं हलवलं, खायला कमी पडलं किंवा मुंग्या लागल्या, की ती राणीसकट पेटी सोडून जाते. मागे राहतात रिकामी पोळी आणि त्यात मेणकिड्याच्या अळ्या. माश्यांजवळ शांत राहणं हा स्वभावाचा भाग आहे असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला घाई नाही त्याचा हात आपोआप हळू चालतो, आणि घाई नको असेल तर गरजा कमी ठेवाव्या लागतात. साधं राहायचं ते एवढ्याचसाठी. (चुलीवरच्या भाकरीचे फोटो टाकणं म्हणजे साधं राहणं नव्हे, हे तुला सांगायला नकोच.) घरखर्चाला भात, म्हैस, शिकवण्या असं काहीतरी वेगळं असू दे.

पहिले काही आठवडे नुसती पेटीजवळ बस. बाजूला बस, दारासमोर नको. त्यांची वाट अडवलीस तर कपाळावर प्रसाद मिळेल. पायांना पिवळे-केशरी गोळे लावून माश्या आत जाताना दिसल्या तर पराग येतोय, म्हणजे बहुतेक आत पिल्लं वाढतायत. दाराशी पंख हलवत उभ्या असल्या तर वारा घालून पेटी थंड करतायत किंवा मधातलं पाणी उडवतायत. पांढरी मेलेली पिल्लं बाहेर टाकलेली दिसली तर रोगाची शंका घ्यायची आणि मला लगेच फोन करायचा. पेटीवर बोटाने टिचकी मारून बघ. धडधाकट सातेरी एकदम ‘स्सऽऽ’ करते आणि गप्प होते. एवढं सगळं झाकणाला हात न लावता कळतं.

उघडायची वेळ आलीच तर ऊन चांगलं पडल्यावर, दहाच्या सुमाराला उघड. तेव्हा वयाने मोठ्या माश्या चरायला गेलेल्या असतात. आभाळ भरलंय, वारा सुटलाय, दिवस मावळलाय, तर राहू दे. अत्तर नको, वासाचं तेल नको, काळे कपडे नकोत. केळं खाऊनही जाऊ नकोस. हसू नकोस, डसताना माशी जो धोक्याचा वास सोडते त्यातल्या मुख्य द्रव्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो, आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. चिरडलेली एक माशी महागात पडते ती त्यामुळेच. धूर हा वास झाकतो, शिवाय धुरामुळे माश्या मध पिऊन जड होतात. धुराड्यात, म्हणजे धूर सोडायच्या डब्यात, गोणपाटाचा तुकडा पुरे. धूर आधी स्वतःच्या मनगटावर सोडून बघ. चटका बसला तर थांब. सातेरीला दोन झोत बास.

आधी कडेची फ्रेम, म्हणजे पोळ्याची लाकडी चौकट, काढ, म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते. उचलताना ती सरळ वर घे. तिरकी झाली की शेजारच्या पोळ्यावर माश्या घासून मरतात. बघायची ती पेटीच्या वरच धरून, राणी पडलीच तर घरातच पडेल. दुसरी बाजू बघायला फ्रेम ताटासारखी आडवी करू नकोस. नवं पोळं मधाने जड आणि उन्हाने मऊ झालेलं असतं, अख्खं निसटून खाली येतं. फ्रेम उभीच ठेवून फिरवायची.

डंख बसला तर हात झटकू नकोस. काटा लगेच नखाने खरवडून काढ आणि चालत बाजूला हो. अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास अडकायला लागला तर घरगुती औषधं करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. पहिल्यांदा एकटी जाऊ नकोस ते यासाठीच. आणि आग्या मोहोळाच्या नादाला तर अजिबात लागू नकोस. ती उघड्यावर राहणारी माशी, पेटीत येत नाही.

करवीर-शिरोळकडे जमीन मिळत असताना वर कशाला जायचं, असं तुझे बाबा म्हणतायत. तिकडे सगळीकडे ऊस. एवढ्या हिरवळीत माशीला खायला काही नसतं, मग हंगामात ती गुऱ्हाळाकडे वळते आणि रसात बुडून मरते. आपल्या भुदरगडात, पाटगावच्या बाजूला हिरडा आहे, जांभूळ आहे, गेळा आहे, आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं, त्यानंतर आपलं पाटगाव. पेट्या घेण्याआधी तिथल्या मधपाळांबरोबर हिंड. प्रश्न कमी विचार, त्यांचे हात बघ.

मध फक्त वरच्या कोठीतला घ्यायचा, तोही माश्यांनी मेणाने झाकलेला. न झाकलेल्या मधात पाणी जास्त असतं, तो आंबतो. खालच्या कोठीतल्या मधाला हात लावायचा नाही. जून ते सप्टेंबर तिकडे पाऊस एवढा कोसळतो की माशीला बाहेर पडता येत नाही, तो साठाच तिला तारतो. साठा संपला तर साखरेचा पाक द्यावा लागतो, पण आपण मध विकून त्यांना साखर चारायची, हे मला तरी आवडत नाही. म्हणून सांगतो, तुझा संसार त्या शेवटच्या पोळ्यावर अवलंबून नसावा.

दिवाळीपर्यंत पेट्या ठेवायला चौरंग करून घे, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवता येतील असे, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. शेजारच्या बांधांवर फवारणी कोण आणि कधी करतं ते वाटेकऱ्याला विचार. दिवस मावळल्यावर करा म्हणावं, बहुतेक लोक ऐकतात. पेट्या कुठे ठेवायच्या ते मी येऊन सांगेन, तोवर जागा साफ करायच्या नावाखाली बांधावरची झुडपं तोडू नकोस.

बाबांना नमस्कार.

— आबा