एनेत्स भाषेचा विसर्ग

प्रश्न असा आला आहे: ‘सायबेरियातल्या एका भाषेचं नाव कुठे एनेट्स, कुठे एनेत्स, तर कुठे नेनेत्स असं वाचलं. बरोबर कोणतं? तिची लिपी रशियन आहे, म्हणजे उच्चारही रशियनसारखेच असणार ना? आणि पुष्कळ शब्दांच्या शेवटी वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखी खूण दिसते, ती छपाईतली चूक का?’

नावाचं आधी उरकून घेऊ. एनेत्स आणि नेनेत्स या दोन वेगळ्या भाषा आहेत, एकीतला ‘न’ गळून दुसरी झालेली नाही. दोन्ही उराली कुळाच्या सामोयेदी शाखेतल्या, म्हणजे फिनिश आणि हंगेरियनच्या लांबच्या बहिणी. नेनेत्स बोलणारे वीस हजारांच्या आसपास आहेत. एनेत्स लोक मात्र रशियाच्या २०१० सालच्या जनगणनेत अवघे २२७ होते, आणि त्यांतल्या ४३ जणांनी भाषा येते असं सांगितलं. येनिसेई नदी उत्तरेच्या समुद्राला मिळते त्या बाजूला, तैमिर भागात, यांची वस्ती. एक बोली जंगलपट्ट्यातली, दुसरी टुंड्रातली. ‘एन्ची’ म्हणजे माणूस, त्यावरून प्रोकोफ्येव या रशियन भाषाभ्यासकाने १९३०च्या दशकात ‘एनेत्स’ हे नाव रूढ केलं. त्याआधी त्यांना ‘येनिसेई सामोयेद’ म्हणत. सामोयेद म्हणजे ‘स्वतःला खाणारे’, हे मात्र कृपा करून पुन्हा कुणी लिहू नये. रशियन कानांना ओळखीचे वाटणारे दोन तुकडे जोडून केलेली ती लोकव्युत्पत्ती आहे, आणि सामान्यज्ञानाची पुस्तकं ती आजही इमानेइतबारे छापतात.

आता ‘लिपी रशियन म्हणजे उच्चार रशियन’. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मराठी आणि नेपाळी एकाच देवनागरीत लिहितात, म्हणून दोघींचा ‘च’ एक झाला का? आपल्याच ‘चमचा’ आणि ‘चहा’मधले ‘च’ एक नाहीत! लिपी हा अंगरखा आहे, तो कुणाच्याही अंगावर चढतो. एनेत्सला तर तो फार उशिरा मिळाला. १९३०च्या दशकात उत्तरेकडच्या कितीतरी भाषांसाठी आधी रोमन आणि मग रशियन धर्तीच्या वर्णमाला झाल्या, पण एनेत्स त्यातून सुटली. तिची स्वतःची वर्णमाला १९८०च्या दशकातली. लूककृत शुभवर्तमान १९९५ साली छापलं गेलं, आणि सोरोकिना-बोलिना यांचा शाळेसाठीचा शब्दकोश २००१ साली.

या वर्णमालेचा साचा रशियन आहे. त्यातली काही अक्षरं जवळजवळ फक्त रशियन नावं आणि उसने शब्द लिहिण्यापुरती आहेत, ती सोडून देऊ. खरी गंमत भर घातलेल्या अक्षरांत आहे. रशियन ‘ज़े’ हे अक्षर इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं दिसतं. ते उलटं करून एक नवं स्वराक्षर केलं, कारण ‘ए’च्या उघड्या आणि मिटत्या छटा वेगळ्या दाखवायच्या होत्या. आपण ॲ आणि ऑ यांना २००९च्या शासन निर्णयाने वर्णमालेत रीतसर जागा दिली, तशीच ही गरज. तो उलटा ज़े २००६ साली युनिकोडमध्ये आला. दीर्घ स्वर खरोखर किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यात मी शिरत नाही.

दुसरं अक्षर शेपटी लावलेला ‘न’, म्हणजे आपला ङ. आपण तो क-वर्गाच्या शेवटी घोकतो आणि ‘वाङ्मय’ सोडलं तर कुठे वापरत नाही. शब्दाच्या आरंभी तर कधीच नाही. नेनेत्समध्ये मात्र ङ-पासून सुरू होणाऱ्या शब्दांची रांग आहे. हाताला ते म्हणतात ‘ङुदा’. एनेत्समध्ये हाच शब्द ‘उज़ा’ होतो, आणि त्यातला ज़ इंग्रजी ‘दिस’च्या पहिल्या व्यंजनाकडे झुकतो. मूळ सामोयेदी शब्दाच्या आरंभी ङ नव्हता. तो नेनेत्सने स्वरापुढे लावून घेतला, एनेत्सने इथे नाही लावला. आणि दोन्हींतल्या द-ज़च्या जागी पूर्वी ‘त’ होता.

हा ‘त’ लक्षात ठेवा, कारण एक जुनी कटकट त्यानेच मिटते. नेनेत्समध्ये ‘वादा’ म्हणजे शब्द, बोल. एनेत्समध्ये ‘बाज़ा’, आणि त्याचा अर्थ भाषाही होतो. ‘वादा’ पाहिल्याबरोबर काही मंडळी धावत येतात: वद्, वाद, वदणे! संस्कृत सायबेरियात पोचली! नाही पोचली. ‘वादा’तला ‘द’ हा ‘ङुदा’तल्या ‘द’सारखाच जुन्या ‘त’पासून आलेला आहे. एकाच शब्दाची जोडी सुचली म्हणून नातं ठरत नाही, ध्वनी नियमाने जुळावे लागतात. ‘व’चा ‘ब’ होणं हा तसा नियम. आपल्याकडे वनाचं बन झालं, केवड्याचं बन म्हणतोच आपण. पण एनेत्समध्ये शब्दारंभीचा जुना ‘व’ पद्धतशीरपणे ‘ब’ झालेला दिसतो.

आता ती खूण. चूक नव्हे, ते व्यंजन आहे. लहान मूल खायला नको म्हणून ‘अं-अं’ करतं, तेव्हा दोन ‘अं’च्या मध्ये गळ्यात आवाज क्षणभर कापला जातो. स्वरतंतू घट्ट मिटतात आणि सुटतात. तोच हा ध्वनी. आपण त्याला अक्षर दिलं नाही म्हणून तो आपल्याला ऐकूच येत नाही. एनेत्समध्ये तो नुसता शब्दाचा शेवट सजवत नाही, अनेकवचनाचा प्रत्ययच तो आहे. ‘एन्ची’ म्हणजे एक माणूस, आणि शेवटी गळा मिटला की माणसं. खूण गाळून नक्कल करणारा माणसांचा एक माणूस करून ठेवतो!

हा प्रत्यय आला कुठून? फिनिशमध्ये ‘तालो’ म्हणजे घर आणि ‘तालोत’ म्हणजे घरं. तो शेवटचा त हेच उराली अनेकवचन, आणि एनेत्समधली गळ्याची मिटणी हा त्याच तचा उरलेला अवशेष आहे.

इथे माझं लाडकं म्हणणं मांडतो, आणि ते मी सोडणार नाही: ही खूण म्हणजे सामोयेदी भाषांचा विसर्ग आहे. पाहा कसं. ‘मनः’मधल्या विसर्गात स् लपला आहे, ‘पुनः’मधल्या विसर्गात र्. शब्दाच्या शेवटी दोघांचा एकच विसर्ग झाला, पण संधी होताच मूळ व्यंजन डोकं वर काढतं, म्हणून मनस्ताप आणि पुनर्जन्म. सामोयेदीत शेवटचे त, स, न असे वेगवेगळे ध्वनी गळ्याच्या एकाच मिटणीत जमा झाले. नेनेत्समध्ये पाण्याच्या शब्दाला शेवटी ही मिटणी आहे, पण पुढे विभक्ती आली की ‘इद-’ होतं, दडलेलं व्यंजन परत येतं. नेनेत्स लेखनाने तर एक पाऊल पुढे टाकलं. मिटणी अनुनासिकाची असेल तर एक खूण, त-सची असेल तर दुसरी. आपल्या विसर्गाला हे जमलं नाही. तो ‘स’चा की ‘र’चा, हे डोळ्यांना कळत नाही.

यावरून काही जाणकार सुचवतात की मराठीत एनेत्स शब्द लिहिताना सरळ विसर्गच द्यावा. हे मला अजिबात मान्य नाही. वागणूक सारखी आहे, आवाज उलटा आहे! विसर्गात श्वास सुटतो, इथे तो अडतो. विसर्ग पाहून मराठी माणूस ‘ह’ म्हणणार आणि शब्द नासणार. ‘काहीच लिहू नका, आपल्याला ऐकू येत नाही’ हा दुसरा सल्ला तर आळसाचा आहे. देवनागरीत या ध्वनीसाठी अक्षर तयार आहे: ॽ. नेपाळ-सिक्कीमकडची लिंबू नावाची भाषा देवनागरीत लिहिताना ते वापरतात, आणि युनिकोडमध्ये ते २००५ सालीच आलं. कळफलकावर नसेल तर उचलून डकवा, पण लिहा.

मग एनेत्समध्ये पाणी होतं ‘बिॽ’. या एका अक्षरावर माझा जीव आहे. फिनिश ‘वेसी’, षष्ठीत ‘वेदेन’, हंगेरियन ‘वीज़’, या सगळ्यांचं मूळ ‘वेते’ असं मानतात. त्यातला व झाला ब, शेवटचा त झाला ॽ, आणि हजारो वर्षांचा शब्द ओठांपासून गळ्यापर्यंतच्या एका हालचालीत मावला. दहाचा आकडा ‘बिउॽ’, तोही याच वाटेने आलेला. नेनेत्समध्ये पाण्यातला आणि दहातला तो व आरंभीच विरघळला, एनेत्सने ब करून जपला. ‘वेते’ आणि आपलं ‘उदक’ यांचं काय? अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतो प्राचीन उसनवारी, दुसरा म्हणतो त्याहून जुनं नातं. मला उसनवारी पटत नाही. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे लोक पाण्याचा शब्द शेजाऱ्याकडून कशाला मागतील? आणि ‘वादा’सारखा हा एकट्या नेनेत्सच्या आजच्या रूपावर बेतलेला भास नाही, इथे उराली आणि आपलं इंडो-युरोपीय अशा दोन्ही कुळांची सर्वांत जुनी रूपं समोरासमोर आहेत.

राहिलं एनेट्स की एनेत्स. रशियन त आणि द दंत्य आहेत, मराठीसारखे. ट-ड इंग्रजीतून वाचल्यामुळे घुसतात. तेव्हा एनेत्स लिहा, आणि त्यांच्या गावांची नावंही पोतापोवो, वोरोन्त्सोवो, दुदिन्का अशीच. ‘टुंड्रा’ आता शाळेच्या पुस्तकांतून इतका मुरला आहे की त्याला हात लावू नये.