रात्रपाळीमुळे बायकांना शुगर होते का? आईला आहे, मी नोकरी सोडू का?

ताई, चार वर्षं फिरती रात्रपाळी आणि आईला शुगर, म्हणून तुम्ही घाबरलात. नोकरी सोडू नका. आधी रात्रीचं खाणं बदला.

मी स्टाफ नर्स, नाइट ड्युटी करून चौदा वर्षं झाली. वॉर्डात पहाटे तीनला गोड चहा व्हायचा, सोबत खारी, कधी कुणाच्या घरचा शिरा. एकदा सहाच्या राउंडला पेशंटच्या शुगर बघून झाल्या, एक पट्टी उरली म्हणून स्वतःचं बोट टोचलं. मीटरवर १९२! मग लॅबमध्ये उपाशीपोटी ११८ आली, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. आमच्या घरात तर कुणालाच नाही.

संबंध खरा आहे. अमेरिकेतल्या पावणेदोन लाखांहून जास्त नर्सेसवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. महिन्याला किमान तीन रात्री अशी फिरती ड्युटी ३ ते ९ वर्षं केलेल्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका २० टक्के जास्त, २० वर्षं किंवा त्याहून अधिक केलेल्यांना ५८ टक्के. वजन हिशोबात धरलं की ५८ चे २४ उरतात. म्हणजे बराचसा धोका वजनाच्या वाटेने येतो, आणि तिथे आपल्याला काहीतरी करता येतं.

रात्री मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, वाढतं तेव्हा इन्शुलिन कमी सुटतं, त्यामुळे तीच पोळी-भाजी पहाटे साखर जास्त चढवते. बोस्टनमध्ये १९ जणांवर प्रयोग झाला. रात्री जागून रात्रीही खाणाऱ्यांची साखर चढली, जागूनही फक्त दिवसा खाणाऱ्यांची नाही. माणसं थोडीच, पण मी डबा हलवला. आता संध्याकाळी साडेसातला पोटभर जेवून निघते. रात्री पाणी, बिनसाखरेचा चहा, अगदीच राहवलं नाही तर मूठभर फुटाणे. (शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं करू नये.)

सगळ्यात अवघड झोप. नाइट करून आलेल्या बाईला कोण झोपू देतं? पाणी भरा, मुलांचे डबे, दाराची बेल. मी सासूबाईंना रिपोर्ट दाखवला, नीट समजावलं. आता दोनपर्यंत बेलचं बटण त्याच बंद करून ठेवतात.

तुम्ही वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी कराच. ड्युटीवरून आल्या आल्या नको. नाइट ऑफला रात्रभर झोपा आणि दुसऱ्या सकाळी रक्त द्या.