आयटीआय करून चाकणला लागलेला धाकटा भाऊ गप्प-गप्प झालाय, झोप नाही म्हणतो. त्याला अमळनेरला परत बोलवावं का?

लगेच बोलावू नका, आधी त्याची झोप आणि जेवण सुधारतंय का ते बघा. मी आयटीआयत शिकवतो. आमची पोरं दरवर्षी पुणे-नाशिककडे जातात आणि पहिल्या काही महिन्यांत बरीच जण अशीच कोमेजतात. कामापेक्षा बदलती शिफ्ट जास्त नडते. एका खोलीत चार-पाच जण, एक नाइट करून आलेला, दुसरा सेकंडला निघालेला, खिडकीला पडदा नाही. दिवसा डोळा लागत नाही, मेसची वेळ चुकते आणि पोरगं वडापाववर दिवस काढतं. खिडकीला जाड चादर लावायला सांगा, शक्य असेल तर एकाच शिफ्टवाले रूममेट बघा. फोनवर पहिलाच प्रश्न 'पगार झाला का?' हा कृपा करून नको. काय जेवलास, रूमवर कोण आहे, हे विचारा. कानबाईच्या सणाला सुट्टी काढून घरी येऊ द्या. तो अप्रेंटिस असेल तर शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ नुसार शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. हे घरच्यांना सहसा माहीतच नसतं. त्याला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या: मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवाच; धुळे-जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही सोय आहे. आणि जगण्यात राम नाही असं काही बोलला, तर नोकरीचा विचार न करता त्याच दिवशी त्याच्याकडे जा.